वळलेली दुर्बीण

कवळीवाल्यांना इमारतीत सगळे कवळीवाले म्हणूनच ओळखत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांनी माप घ्यायचं आणि त्यावरून कवळी घडवायची ती यांनी, असा त्यांचा धंदा. दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, जळक्या मेणाचा वास, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले जबडे. रस्त्यात माणूस भेटला तर त्यांना चेहरा आठवत नसे, पण तो हसला की ओळख पटायची. "लोक माझ्यासमोर दात काढतात आणि माझं घर चालतं," असं ते म्हणत. हा विनोद त्यांच्या बायकोने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात इतक्यांदा ऐकला होता की आता तो सुरू झाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

त्यांच्या वरच्या मजल्यावर घड्याळकाका राहत. बाजारातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून ते इथे आले, तेव्हा एकटेच आले, आणि गच्चीला लागून असलेलीच खोली पाहिजे असा हट्ट धरून आले. गच्चीच्या कोपऱ्यात त्यांनी एक लोखंडी खांब पक्का रोवून घेतला आणि त्यावर स्वतःच्या हातांनी जुळवलेली दुर्बीण बसवली. चांगली जाडजूड नळी, तळाशी आरसा, वरच्या बाजूला डोळा लावायची काच. संध्याकाळ व्हायला लागली की काका गच्चीवर. कुणी म्हणायचं, "काका, आम्हालाही एकदा चांदण्या दाखवा की." काका म्हणायचे, "दाखवू ना. एक रात्र ठरवू." ती रात्र वर्षानुवर्षं ठरतच राहिली. कधी ढग आडवे आले, कधी चंद्र, कधी काकांची कंबर. माणसाने तोंडाने कधी नाही म्हटलं नाही, पण दुर्बिणीला कुणाला बोटही लावू दिलं नाही.

काकांची कवळी अर्थातच कवळीवाल्यांनी केलेली. शेजारी म्हणून घरीच बसवून दिली होती. तोंडात मेणाचा साचा असताना कवळीवाल्यांनी सहज विचारलं, "काका, तुमचं घरचं कोणी नाही का हो?"

काका साचा सावरत म्हणाले, "बायको होती. गेली."

त्यावर कोण काय विचारणार? कवळीवाल्यांनी खाली येऊन बायकोला सांगितलं, बायकोने सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंना सांगितलं, आणि सेक्रेटरीबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसल्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळी इमारत काकांसाठी हळहळून मोकळी झाली. विषय मिटला.

पुढे एका दुपारी काका खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. लांबच्या गावाहून भाचा आला, त्याने सगळं उरकलं, खोली रिकामी केली, आणि जाताना कवळीवाल्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

"दुर्बीण तुमची," तो म्हणाला. "मामांनी सांगून ठेवलं होतं, खालच्या कवळीवाल्यांना द्या म्हणून."

"मला? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

"मीही हेच म्हटलं. त्यावर म्हणाले, त्याचा हात स्थिर आहे. याच्यापुढे काही बोलले नाहीत. मामा कुठे कुणाला काय सांगायचे."

अशी ती दुर्बीण गळ्यात पडली. आणि ती पडल्याचं कळताच सेक्रेटरीबाई जिन्यातच भेटल्या. "आता मात्र रात्र ठरलीच पाहिजे. काकांच्या आठवणीत. तुम्ही ठरवा, माणसं मी गोळा करते."

कवळीवाले मुळात अशा कामाला नाही म्हणणारे नव्हते. त्यांनी रात्र ठरवायला घेतली ती कवळी घडवावी तशी, एकेक दात जागेवर बसवत. चंद्र नसलेली रात्र हवी, म्हणजे अमावास्येच्या आसपासची. बायको म्हणाली, "वा. अमावास्येच्या रात्री, गेलेल्या माणसाच्या दुर्बिणीभोवती माणसं गोळा करणार. आमंत्रण तरी कोणत्या तोंडाने द्यायचं?" पण मग तिनेच म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या कुठून आणायच्या ते सुचवलं. टाकीजवळचा दिवा काढून ठेवायचा. बॅटऱ्यांच्या तोंडाला लाल कागद बांधायचा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. समोरच्या औषधवाल्याची हिरवी पाटी रात्रभर जळत असे. त्याच्याकडे जाऊन गळ घालायला लागली. औषधवाला म्हणाला, "तुमच्या चांदण्यांसाठी मी अंधारात बसू?" मग त्याला आधी गुरू दाखवायचं ठरलं तेव्हा तो तयार झाला. पहिल्यांदा गुरू, मग कृत्तिका, मग मृगाच्या पोटातला तो धुरकट ढग, असा क्रमही लागला.

राहिलं होतं ते दुर्बीण चालवायला शिकणं. रोज संध्याकाळी कामावरून आले की कवळीवाले वर जात. जाताना नळी सरळ आकाशाकडे उभी करायची, काकांच्या ताडपत्रीने झाकायची, असा त्यांनी शिरस्ता ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर ताडपत्री जागच्या जागी, पण आतली नळी आडवी झालेली. नुसती आडवी नाही. दर वेळी एकाच दिशेला, नदीपलीकडच्या डोंगराकडे तोंड करून.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, पोरांचे उद्योग. त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. नळी वळलीच. मग वाटलं वारा असेल, म्हणून पट्ट्याने बांधली. पट्टा सैल होऊन लोंबत होता आणि नळीचं तोंड डोंगराकडे. बायकोला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मग स्वतः वर जाऊन नळी उभी करून आली, आणि दुसऱ्या दिवशी बघून आल्यावर हसायची थांबली.

"अहो," ती म्हणाली, "हे काही बरं लक्षण नाही. देऊन टाका ती कुणाला तरी."

कवळीवाल्यांनी ती दिली नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांनी खांबावरची पेटी उघडली. आत पितळेची दातेरी चाकं होती, काकांनी बहुधा जुन्या मोठ्या घड्याळातून काढलेली. मोठं चाक हातात घेऊन त्यांनी उजेडात धरलं आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं. दात हा त्यांचा रोजचा विषय. एकाच बाजूने चावणाऱ्या माणसाच्या दाढा जशा झिजतात तसं ते चाक एकाच जागी झिजलं होतं. बाकीचे दाते कोरे, नव्यासारखे. आणि एका जागी मात्र पार खळगा. नळी कुठेही उभी करा, हळूहळू घसरत ती त्या खळग्यात येऊन बसणार.

भूत नव्हतं, म्हणून त्यांना हायसं वाटलं. पण जिना उतरताना ते मध्येच थांबले. आकाश बघणाऱ्या माणसाचं चाक सगळीकडे सारखं झिजायला हवं. काकांनी इतकी वर्षं आकाश बघितलंच नव्हतं. ते एकाच जागी बघत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी नळी तशीच राहू दिली आणि काचेला डोळा लावला.

या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. चांदणीला खाली-वर काही नसतं म्हणून ते चालून जातं. आता मात्र डोंगर वर होता आणि आकाश खाली. मध्ये एक लांबलचक पिवळी इमारत उलटी टांगलेली. ती त्यांना माहीत होती, सगळ्यांनाच माहीत होती. मनाच्या आजाराचं जुनं रुग्णालय. त्याचा लांब व्हरांडा, व्हरांड्याचा कठडा. आणि कठड्याला धरून एक बाई उभी होती. पाय वर, डोकं खाली, अंगावर पांढरी शाल. पिकलेले केस. ती थेट त्यांच्याकडे बघत होती.

कवळीवाल्यांनी डोळा काढला. नुसत्या डोळ्यांना डोंगराचा काळसर उतार आणि त्यावर एक पिवळा ठिपका, एवढंच दिसत होतं. इतक्या लांबून तिला गच्चीवरचा माणूस दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी पुन्हा डोळा लावला. ती बघतच होती.

बायकोला हाक मारून वर आणलं. ती वाकून काचेतून बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडेच बघतेय हो." आणि पदर घट्ट लपेटून घेऊन खाली गेली.

पुढच्या संध्याकाळीही ती बाई होती. त्याच्या पुढच्याही. अंधार पडेपर्यंत उभी, मग कुणीतरी येऊन तिला धरून आत न्यायचं, आणि जाताना ती मान वळवून बघत राहायची. कवळीवाल्यांचं कामात लक्ष लागेना. एका ग्राहकाचे समोरचे दोन दात त्यांनी उलटसुलट बसवले आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. ठरलेली रात्र जवळ येत होती, सेक्रेटरीबाई जिन्यात गाठून खुर्च्यांचं विचारत होत्या, आणि यांच्या डोळ्यांसमोर कायम पाय वर असलेली एक बाई.

अशातच एकदा पेटीचं झाकण लावताना एक स्क्रू खाली पडला आणि कुठेतरी घरंगळला. अंधारून आलं होतं. खांबाला काकांचा जुना कंदील अडकवलेला होता, त्यात तेल होतं. कवळीवाल्यांनी तो पेटवला, कठड्यावर ठेवला आणि गुडघ्यांवर बसून स्क्रू शोधू लागले. स्क्रू काही मिळाला नाही. उठून सवयीने त्यांनी काचेला डोळा लावला.

त्या बाईने हात वर केला होता. उलटं दाखवणाऱ्या दुर्बिणीत तो खाली लोंबत असलेला दिसत होता. मग तिने शाल सावरली, आणि कुणी न्यायला न येता आपली आपण वळून आत निघून गेली.

कवळीवाल्यांनी फुंकर मारून कंदील विझवला, आणि विझवल्याबरोबर वाटलं की हेही करायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी काम अर्धं टाकून ते नदीपलीकडे गेले. डोंगराचा रस्ता चढून रुग्णालयाच्या फाटकातून आत गेले आणि काय विचारायचं तेच सुचेना. शेवटी व्हरांड्यावरच्या सिस्टरना ते म्हणाले, "इथून नदीपलीकडे एक गच्ची दिसते. मी तिथे राहतो."

सिस्टर वयस्क होत्या. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "काल दिवा तुम्ही लावलात?"

"हो. म्हणजे, मी स्क्रू शोधत होतो."

"बसा," सिस्टर म्हणाल्या.

ती बाई म्हणजे काकांचीच बायको. काकू या रुग्णालयात आल्या त्याला खूप वर्षं झाली होती. सुरुवातीला काका भेटायला यायचे. पण ते समोर दिसले की काकूंचा तोल जायचा, ते परत गेल्यावर दिवसचे दिवस अन्नाला शिवायच्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, भेटी बंद करा. तेव्हा काकांनी दुकान विकलं आणि या डोंगरासमोरची गच्ची शोधली. लांबून काकूंना ते चालत होते. रोज तिन्हीसांजेला काका कंदील लावायचे, काकू हात वर करायच्या, आणि आत येऊन मुकाट्याने जेवायच्या.

"ते वारले तेव्हा भाच्याने कळवलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "मीच सांगितलं काकूंना. ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. संध्याकाळी पुन्हा आपल्या कठड्याला. तेव्हापासून रोज आम्ही ओढून आणतो, दोन घास बळेच भरवतो. काल मात्र स्वतःहून आल्या. पोटभर जेवल्या. मला म्हणाल्या, यांना यायला उशीर झाला."

कवळीवाल्यांना ते 'बायको गेली' आठवलं. काकांनी खोटं सांगितलं नव्हतं. यांनीच त्या शब्दाचा आपल्याला सोयीचा अर्थ लावून घेतला होता आणि इमारतभर वाटला होता.

काकू खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. तोंडाचं पार बोळकं झालेलं, गाल आत गेलेले. कवळीवाले समोर बसले. खोलीत येता येता त्यांनी ठरवलं होतं की सरळ सांगून टाकायचं.

"काकू, कालचा दिवा काकांनी नाही लावला. मी लावला. मी त्यांच्या खाली राहतो."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "त्यांचा दिवा ठेवताना हलत नाही. तुमचा हलला."

"मग तुम्ही हात का केलात?"

काकूंनी उलट विचारलं, "त्यांनी सांगून ठेवलं होतं तुम्हाला?"

"नाही. मला काहीच माहीत नव्हतं. माझा स्क्रू पडला होता."

"मिळाला?"

"नाही मिळाला."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "त्यांनी सांगितलं नाही, तुम्हाला माहीत नव्हतं, आणि दिवा तर लागला. मग लावायला कुणी लावला?"

परतीच्या बसमध्ये कवळीवाले हाच प्रश्न उलटसुलट करून बघत राहिले. स्क्रू हातातून निसटला होता. हात स्थिर आहे असं काका ज्याच्याविषयी म्हणाले होते, त्याच्या हातातून.

त्या संध्याकाळी त्यांनी कंदील लावला. दुसऱ्या संध्याकाळीही. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही त्या बाईला फसवताय की काय?" ते म्हणाले, "तिला सांगून झालंय." "मग स्वतःला फसवताय?" त्यावर ते म्हणाले, "ती जेवते."

ठरलेली रात्रही आली. आभाळ धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. कवळीवाल्यांनी सगळ्यांना नीट अंधार पडल्यावर वर यायला सांगितलं होतं, पण सेक्रेटरीबाई आधीच खुर्च्या घेऊन आल्या. कठड्यावर जळता कंदील बघून म्हणाल्या, "हे काय, आम्हाला दिवे बंद करायला लावून तुम्हीच लावलाय?"

"काकांची पद्धत होती," कवळीवाले म्हणाले. "आधी थोडा वेळ लावायचा, मग विझवायचा."

काचेत पलीकडे हात वर झाला, शाल वळली, आत गेली. मग त्यांनी कंदील विझवला. औषधवाल्याची पाटी विझली. माणसं चाचपडत जिना चढून आली, आणि पहिल्यांदाच त्या गच्चीवरून कुणीतरी आकाश बघितलं. औषधवाल्याने गुरू बघितला, त्याच्या बाजूचे ठिपके बघितले, आणि एवढंच का म्हणून विचारत पुन्हा रांगेत उभा राहिला. कृत्तिकांचा झुबका बघून म्हातारी माणसं आपल्या मोतीबिंदूलाही दिसतंय म्हणून खूश झाली. सेक्रेटरीबाई मृगातल्या ढगाशी खूप वेळ थांबल्या आणि त्या गप्प राहिल्याचं इमारतीत पुढे बरेच दिवस बोललं गेलं.

कवळीवाले मात्र सगळ्या वेळात नळी हाताने धरून उभे होते. हात सैल पडला की ती घसरायला लागायची. पितळेच्या दातांचा बारीक कटकट आवाज यायचा आणि डोंगराकडची ओढ तळहाताला जाणवायची, जसं कुणी बाही धरून हळूच खेचावं. माणसं पांगल्यावर बायकोने त्यांचा हात चोळून दिला. तो गार पडला होता.

झिजलेलं चाक त्यांनी बदललं नाही. दुसरं मिळालं असतं. त्यांनी शोधलं नाही.

रविवारी ते डोंगरावर जाऊ लागले. काकूंच्या तोंडाचं माप घेतलं, कवळी घडवली. ती बसवली तेव्हा काकू आरशात बघून म्हणाल्या, "यांच्यासारखीच दिसतेय." दिसणारच होती, दोन्ही कवळ्या एकाच हाताच्या. पण कवळीवाल्यांना त्यानंतर काकूंच्या हसण्यात काका दिसू लागले आणि ते त्यांना सहन होईना. त्यांचं जाणं थोडं कमी झालं. कंदील मात्र चुकला नाही.

थंडी सरता सरता काकू गेल्या. सिस्टरनी फोन करून सांगितलं, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. कवळीवाले त्या संध्याकाळी वर गेले नाहीत. कंदिलातलं तेल काढून टाकलं, दुर्बीण बांधून ठेवली. मनातून त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

काही दिवसांनी पुन्हा सिस्टरचा फोन आला.

"दिवा बंद केलात का?"

"काकूच गेल्या. आता कुणासाठी लावायचा?"

"त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक बाई आहेत. त्या काकूंच्या मागे उभ्या राहायच्या. आमच्या कधी लक्षात आलं नाही. आता कठड्याला त्या उभ्या असतात. अंधार झाला तरी हलत नाहीत. जेवण सोडलंय."

"त्यांचं आहे कोण?"

"कोणीही नाही. त्यांना भेटायला इतक्या वर्षांत कधी कुणी आलेलं मी बघितलं नाही."

"मग दिवा कोण लावतं असं वाटतं त्यांना?"

"विचारलं मी," सिस्टर म्हणाल्या. "म्हणाल्या, आमचे लावतात."

कवळीवाल्यांनी फोन ठेवला. बायकोने विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. ती उठली, तेलाची बाटली शोधली आणि त्यांच्या हातात दिली.

ते अजून कंदील लावतात. दुर्बिणीला मात्र त्या दिशेने डोळा लावत नाहीत. सिस्टर कधीतरी कळवतात की बाई जेवतात, ठीक आहेत. मध्यंतरी कवळीवाल्यांना ताप आला, तेव्हा बायको वर जाऊन कंदील लावून आली. ते पांघरुणातून म्हणाले, "दिसल्या का?"

"मी बघितलंच नाही," ती म्हणाली. "दिवा ठेवला आणि पाठ फिरवून खाली आले. बघायला लागलं की मग त्यांची माणसं दिसायला लागतात, आपली माणसं दिसायला लागतात. तुम्ही झोपा आता."

ती शेजारी बसून राहिली. बाहेर औषधवाल्याने पाटी लावली होती, तिचा हिरवा उजेड खोलीत पसरला. कवळीवाल्यांना झोप लागेना. पडल्या पडल्या ते विचार करत होते, या बाईनंतरच्या खाटेवर कोण असेल, आणि या इमारतीत हात स्थिर असलेलं आणखी कोण आहे.